एक मिनिट पन्नास सेकंद

प्रमोशन केडरला, म्हणजे बढतीच्या कोर्सला, माझं नाव लागलं तेव्हा नोकरीला सतरा वर्षं झाली होती. सेक्शन कमांडर म्हणून माणसं चालवली होती. प्लाटून हवालदार म्हणून रेशन, पाणी, ॲम्युनिशन, रजेचे कागद, सगळं बघितलं होतं. हल्ल्याच्या सरावात किती वेळा धावलो याची तर गणतीच नाही. पण एक गोष्ट कधी केली नव्हती. हल्ला कुठून करायचा, कधी करायचा, कोण फायर देणार आणि कोण चढणार, हे मी स्वतः कधी ठरवलं नव्हतं. वरून हुकूम यायचा, मी "ठीक है साहब" म्हणायचो आणि माझी माणसं घेऊन निघायचो. हवालदाराचा नायब सुभेदार व्हायचं तर प्लाटून चालवता आली पाहिजे, म्हणून केडरमध्ये ते ठरवायची पाळी माझ्यावर आली.

भरतीची तयारी करणारी आमच्या साताऱ्याकडची पोरं भेटली की विचारतात, "हल्ल्याचा प्लॅन कसा करतात हो?" त्यांच्या डोळ्यांसमोर शेवटची धाव असते, बेयोनेट असतं, "बोल श्री छत्रपती शिवाजी महाराज की जय" असते. माझ्याही डोळ्यांसमोर तेच होतं. म्हणून जे घडलं ते जसंच्या तसं लिहितो.

आधी माणसांचा हिशेब. दहा जणांचा एक सेक्शन, त्यात एक एल.एम.जी., म्हणजे लाइट मशीनगन. असे तीन सेक्शन म्हणजे एक प्लाटून. वर प्लाटून हेडक्वार्टर: कमांडर, प्लाटून हवालदार, रेडिओवाला, 51 मिलिमीटर मॉर्टरची जोडी आणि 84 मिलिमीटर रॉकेट लाँचरची जोडी. छत्तीस-सदतीस जण होतात. समोर मोर्चा खोदून बसलेला दुश्मन एक सेक्शन असेल तर त्याच्यावर एक प्लाटून घालायची, म्हणजे एकास तीन, हा मैदानी मुलखातला ढोबळ हिशेब. डोंगरात तो आणखी वाढतो, कारण चढणारा दमलेला असतो आणि बसलेल्याला खालचं सगळं दिसतं.

आमचा सराव माळावर होता. लाल मुरूम, मांडीपर्यंत वाळलेलं कुसळीचं गवत, मधूनमधून बाभळी. उत्तरेला एक बसकी टेकडी, तिला आम्ही ढाल म्हणायचो. दक्षिणेकडून ढालीवर जायला सरळ, उघडा चढ. त्या चढाच्या पायथ्याच्याही अलीकडे शेतकऱ्याने कधीकाळी घातलेला दगडी बांध, टेकडीच्या माथ्यापासून चारशे मीटरवर. पश्चिमेच्या अंगाने एक कोरडा ओढा वळणं घेत वर आलेला. माथ्यावर तीन मोर्चे, मधल्या मोर्चात एल.एम.जी. मोर्चात आमच्याच कंपनीची पोरं, दुश्मन बनून बसलेली.

सकाळी दहाला हुकूम मिळाला: उद्या पहाटे ढाल कब्जा करा, एच-अवर 0645. एच-अवर म्हणजे हल्ल्याची पुढची माणसं स्टार्ट लाइन ओलांडतात ती वेळ. जानेवारीचा शेवट होता, सूर्य सातनंतर उगवत होता, म्हणजे पावणेसातला जेमतेम फटफटलेलं असणार.

मी बांधावर गेलो, दुर्बिणीतून ढाल बघितली, नकाशा उघडला आणि अप्रिसिएशन लिहायला बसलो. अप्रिसिएशन म्हणजे विचार कागदावर मांडणं: मकसद काय, जमीन कशी, दुश्मन किती, आपण किती, वेळ किती, आणि मग कोणकोणते रस्ते आहेत. आम्हाला शिकवणारे सुभेदार साहेब कोल्हापूरकडचे. वर्गात हिंदीत बोलायचे, बाहेर मराठीत. त्यांची एक सवय होती. कागदावरच्या प्रत्येक ओळीवर बोट ठेवून विचारायचे, "तो क्या?"

मी लिहिलं होतं, दक्षिणेचा चढ उघडा आहे. तो क्या? फायर जास्त लागेल. मी लिहिलं होतं, पश्चिमेला ओढा आहे. तो क्या? मी म्हणालो, "साहब, नकाशावर उथळ दिसतो, वळणं फार आहेत, रात्री माणसं चुकतील." साहेब माझ्याकडे बघत राहिले. "नक्शे पे दिखता है, या तूने देखा है?" मी गप्प राहिलो. त्यांनी कागद परत दिला आणि निघून गेले. उत्तर चुकलं असंही म्हणाले नाहीत, बरोबर असंही म्हणाले नाहीत.

ओढा बघायला मी गेलो असतो तर जाऊन येऊन दोन तास लागले असते. ते मी वाचवले आणि प्लॅन सजवण्यात घालवले. समोरून जायचं ठरवलं: एक सेक्शन दोन एल.एम.जी. घेऊन बांधाच्या मागून कव्हरिंग फायर देणार, म्हणजे दुश्मनचं डोकं खाली ठेवणार, आणि दोन सेक्शन बांधाच्या पुढे शंभर मीटरवरच्या पायवाटेवरून, तीच स्टार्ट लाइन धरून, सरळ वर चढणार. 51 मिलिमीटर मॉर्टरने धूर टाकायचा आणि धुराच्या आड पोचायचं. कागदावर ते चांगलं दिसत होतं. सँड मॉडेल, म्हणजे जमिनीवर मांडलेला टेकडीचा नमुना, तोही झकास केला होता. मुरुमाची टेकडी, चुन्याची पायवाट, ओढ्याला कपड्याची नीळ, बाभळीला हिरव्या फांद्या, धुराला कापूस, दुश्मनच्या मोर्च्यांना लाल रंगवलेल्या काड्या.

हे सगळं संपून मी सेक्शन कमांडरांना ऑर्डर दिली तेव्हा साडेसात वाजले होते. अंधार पडलेला. टॉर्चच्या उजेडात त्यांनी माझी मुरुमाची टेकडी बघितली. खरी टेकडी तिघांपैकी एकानेही बघितली नव्हती. शिकवलेलं होतं की हातात असलेल्या वेळेचा तिसरा हिस्सा कमांडरने घ्यावा आणि दोन हिस्से खालच्यांना द्यावेत. दहा ते पावणेसात म्हणजे पावणेएकवीस तास. माझा हिस्सा सातच तासांचा, संध्याकाळी पाचपर्यंतचा. मी साडेनऊ तास घेतले, आणि तेही दिवसाचे. त्यांना दिली ती रात्र.

ऑर्डर ठरलेल्या क्रमाने दिली. जमीन. खबर, दुश्मन की आणि अपनी. मकसद, दोनदा वाचून. तरीका. बंदोबस्त. कमान आणि सिग्नल. घड्याळं जुळवली. शेवटी, "कोई शक?"

"नहीं साहब!" तिघे एका सुरात म्हणाले.

पहाटे 0645 ला आम्ही पायवाट ओलांडली. मागून बांधावरून दोन्ही एल.एम.जी. सुरू झाल्या. ब्लँक राउंड असले तरी आवाज छातीत बसतो. पहिली तीन मिनिटं सगळं ठरल्याप्रमाणे झालं. धूर मात्र वर राहिलाच नाही. पहाटेची थंड हवा चढावरून खाली घसरत असते. ती धूर घेऊन आमच्याच अंगावर आली आणि बांधाकडे सरकली. आणि माथ्यापासून दीडशे मीटरवर असताना मागच्या दोन्ही एल.एम.जी. एकदम गप्प झाल्या.

ती शांतता मला अजून आठवते. बुटांखाली गवत मोडल्याचा आवाज, छत्तीस-सदतीसातल्या वीस-बावीस जणांचं धापा टाकणं, आणि समोरून दुश्मनच्या एल.एम.जी.चा पहिला बर्स्ट. मी ओरडलो, माणसं पळायला लागली. पाठीवर बोजा, चढ, पायांत गवत. माथ्यावर पोचून घोषणा दिली तेव्हा अंपायर असलेले सुभेदार साहेब मधल्या मोर्च्याच्या बाजूला उभे होते. त्यांनी स्टॉपवॉच माझ्यासमोर धरलं. 1 मिनिट 50 सेकंद.

"तुझ्या एल.एम.जी. गप्प झाल्यापासून तू इथं पोचेपर्यंत," ते मराठीत म्हणाले. वर्ग संपला होता. "दुश्मनची एल.एम.जी. रॅपिडला, म्हणजे जोरात मारताना, मिनिटाला चार मॅगझिन मारते असं धर. एवढ्या वेळात सात. तीस राउंडचं मॅगझिन. दोनशे दहा गोळ्या. तुझी माणसं किती होती चढावर?"

"बावीस, साहेब."

ते काही बोलले नाहीत. बावीस जण तिथेच मोर्च्याच्या आसपास बसून पायमोज्यांतली कुसळं काढत होते. त्यांतल्या निम्म्यांची लग्नं माझ्यासमोर झालेली. मी त्यांच्याकडे बघू शकलो नाही.

एल.एम.जी. गप्प का झाल्या, हे मला तेव्हा कळलं असं वाटलं. फायर देणारे आणि चढणारे जवळजवळ एकाच रेषेत होते. चढणारी माणसं वर सरकली तशी ती आपल्याच एल.एम.जी.च्या नळीसमोर आली, वर धुराने जागा झाकली, आणि सेक्शन कमांडरने फायर थांबवला. बरोबरच केलं त्याने. चूक माझ्या जागेची होती.

पण रात्री जेवण झाल्यावर एल.एम.जी.चा नंबर दोन, मॅगझिन देणारा पोरगा, माझ्याकडे आला. नोकरीला दोनच वर्षं झालेली. भांडी घासून हात पुसत उभा राहिला. "हवालदार साहेब, एक सांगू का? धूर नसता आला तरी आमचा फायर बंदच पडणार होता."

"का रे?"

"मॅगझिनच संपली होती. बारा होती. पहिल्यापासून रॅपिड मारलं. तीन मिनिटांत बाराची बारा."

"मग ऑर्डरच्या वेळी का नाही बोललास?"

"ऑर्डरला मी नव्हतो ना."

ऑर्डर सेक्शन कमांडरांना मिळाली, त्यांनी आपापल्या सेक्शनला अंधारात दोन-चार वाक्यांत सांगितली. त्या पोराला एवढंच माहीत होतं की हल्ला सुरू झाला की फायर करायचा. कधी हळू, कधी जोरात, कधी थांबायचं, हे त्याला कोणी सांगितलंच नव्हतं, कारण मी ते ठरवलंच नव्हतं. "कव्हरिंग फायर नंबर तीन सेक्शन देगा" हे एक वाक्य बोलून मी पुढे गेलो होतो. आणि माझा सगळा हल्ला त्या पोराच्या बारा मॅगझिनवर उभा होता.

बॅरेकीच्या भिंतीवर नाईक यशवंत घाडगे यांची तसबीर होती, खाली त्यांच्या व्हिक्टोरिया क्रॉसची हकिकत. रायगड जिल्ह्यातल्या माणगावकडचे, मराठा लाइट इन्फंट्रीचे, सेक्शन कमांडर. 10 जुलै 1944, इटली, टायबर नदीचं वरचं खोरं. ती हकिकत रिक्रूट असल्यापासून मी वाचत आलो होतो. मशीनगनने अगदी जवळून फायर केला आणि कमांडर सोडून सगळा सेक्शन पडला. घाडगे एकटे धावले. ग्रेनेड टाकून गन आणि गनर गार केला, एकाला टॉमीगनने मारलं, मॅगझिन बदलायला वेळ नव्हता म्हणून टॉमीगन नळीकडून धरून उरलेल्या दोघांना तिच्या दस्त्याने मारलं. मग स्नायपरच्या गोळ्या लागून त्याच मोर्चात पडले.

तोपर्यंत मी फक्त त्यांचं शौर्य वाचत होतो. त्या रात्री पहिल्यांदा "मॅगझिन बदलायला वेळ नव्हता" या शब्दांपाशी अडकलो. अगदी जवळून, सगळा सेक्शन. मागचा फायर थांबतो आणि पुढची माणसं अजून पोचलेली नसतात, त्या मधल्या वेळेत हे घडतं. त्या दिवशी तिथे काय परिस्थिती होती याचा निवाडा करणारा मी कोण? पण माझ्या ढालीवर ती वेळ एक मिनिट पन्नास सेकंद होती, आणि ती माझ्या हाताने तयार झाली होती. घाडगे यांच्यासारखा माणूस दर सेक्शनमध्ये सापडेल या भरवशावर प्लॅन करायचा नसतो. तशी वेळ त्याच्यावर येऊच नये म्हणून प्लॅन करायचा असतो.

मधे 4 फेब्रुवारी आला, आमच्या रेजिमेंटचा दिवस. 1670 साली याच तारखेला तानाजी मालुसऱ्यांनी कोंढाणा घेतला. बडा खाना झाला. साहेब जेवताना माझ्या शेजारी बसले होते. "तानाजी कुठून चढले, हे सगळ्यांना माहीत असतं," ते म्हणाले. "ती बाजू आधी बघून कोण आलं होतं, हे कोणी विचारत नाही." आणि पुन्हा जेवायला लागले.

केडरच्या शेवटच्या आठवड्यात तीच ढाल पुन्हा मिळाली. मोर्चे तेच, एच-अवर तोच, हुकूम पुन्हा सकाळी दहाला.

दहा वाजून दहा मिनिटांनी मी वॉर्निंग ऑर्डर दिली. उद्या पहाटे ढालीवर हल्ला, रात्री दोनला हलायचं, दुपारी दोनला सेक्शन कमांडर माझ्याबरोबर रेकीला, म्हणजे जागा बघायला, चारला ऑर्डर. पाच वाक्यं. तेवढ्यावर प्लाटून कामाला लागली: हत्यारं साफ, मॅगझिन भरणं, जेवण, झोप. मी ऑर्डर देईपर्यंत रिकामं बसायची गरज कोणाला राहिली नाही.

मी एकाला बरोबर घेऊन ओढ्यात उतरलो. पहिली दोन वळणं खरंच उथळ होती, गुडघाभर काठ. नकाशा खोटा नव्हता. तिसऱ्या वळणानंतर काठ वर गेला. माझ्या डोक्याच्या वर हातभर. खाली वाळू, कडेला करंजाची झाडं. तिथून मी चालत, वाकायचीही गरज नसताना, ढालीच्या पश्चिम अंगाला दोनशे मीटरवर पोचलो. ओढ्याच्या काठावर पोटावर झोपून डोकं वर काढलं. मधला मोर्चा समोर, आणि डावीकडे-उजवीकडे उरलेले दोन. मग उजवीकडे, दक्षिणेला बघितलं. माझा जुना बांध दिसत होता. आणि बांधावरून ढालीकडे जाणारी रेषा आणि माझ्यापासून ढालीकडे जाणारी रेषा यांच्यात बरोबर काटकोन होत होता.

तिथे पडल्या पडल्या मला घाम आला. पहिल्या वेळी हे सगळं इथेच होतं.

या खेपेला प्लॅन उलटा लिहिला, शेवटाकडून सुरुवातीकडे. आधी लिहिलं: मधल्या मोर्चात पाय ठेवल्यावर कोण कुठे बसणार, कारण जिंकलेल्या जागेवर दुश्मन लगेच उलटा हल्ला करतो. त्याच्या आधी: शेवटचे चाळीस मीटर, त्यात एल.एम.जी.चा फायर नाही, तिथे काय? ग्रेनेड आणि चालता चालता रायफली. त्याच्या आधी: फायर कधी आणि कसा सरकवायचा? त्याच्या आधी: स्टार्ट लाइन, म्हणजे ओढ्याचा काठ, हल्ल्याच्या दिशेला आडवा, अंधारातही पायाला कळणारा. त्याच्या आधी: फॉर्मिंग अप प्लेस, म्हणजे हल्ल्याच्या रचनेत उभं राहायची जागा, ओढ्याच्या खोल भागात, दुश्मनच्या नजरेआड आणि थेट फायरच्या आड. तिथे जितका कमी वेळ, तितकं बरं. मी पंधरा मिनिटं धरली. त्याच्या आधी: ओढ्यातली चाल. आणि सगळ्यात शेवटी, म्हणजे सगळ्यात पहिलं: निघायचं कधी.

मग मॅगझिनचा हिशेब. तो नंबर दोनच्या पोराला समोर बसवून केला. काठापासून माथा दोनशे मीटर. पहिले शंभर हल्ल्याच्या चालीने दोन मिनिटं, शेवटचे शंभर पन्नास सेकंद. माणसं ओढ्यातून डोकं वर काढतील तेव्हा दुश्मनचं डोकं खाली असायला हवं, म्हणून फायर एच-अवरच्या दोन मिनिटं आधी सुरू. एकूण पाच मिनिटांच्या आत. पहिली साडेतीन मिनिटं दोन्ही एल.एम.जी.नी आळीपाळीने, एकेकीने मिनिटाला एकच मॅगझिन: साडेतीन. शेवटचं दीड मिनिट रॅपिड: सहा. साडेनऊ झाली. बारातून अडीच उरली, ती उलट्या हल्ल्यासाठी.

पोराने बोटांवर मोजलं, मान हलवली. मग म्हणाला, "पण साहेब, तुम्ही चाळीस मीटरवर आलात हे आम्हाला चारशे मीटरवरून अंधुकात कसं कळणार?"

हा प्रश्न माझ्या मनात आलाच नव्हता. शिट्टी ऐकू येणार नाही. रेडिओवर बोलेपर्यंत वेळ जाईल. शेवटी ठरलं की रॉकेट लाँचर बांधावरच ठेवायचा आणि चढणाऱ्यांतल्या उजव्या टोकाच्या माणसाच्या दंडाला बांधाकडच्या बाजूने पांढरी पट्टी बांधायची. मोर्च्याच्या अलीकडे चाळीस मीटरवर एक एकटी बाभूळ होती. पट्टी बाभळीपाशी दिसली की लाँचर मधल्या मोर्च्यावर मारणार. तो धमाका हीच सगळ्यांची खूण: एल.एम.जी. उजवीकडच्या मोर्च्यावर सरकणार, चढणारे धावणार. सरावात लाँचरच्या जागी थंडर फ्लॅश, म्हणजे नुसता धमाका करणारा फटाका. काटकोनामुळेच हे जमत होतं. फायर चढणाऱ्यांच्या पुढून, बांधावरून बघता डावीकडून उजवीकडे सरकत राहतो, त्यांच्या पाठीवर येत नाही. धूर मी या खेपेला वापरलाच नाही. पहाटेच्या हवेचा स्वभाव कळला होता.

चारला ऑर्डर दिली, खरी टेकडी समोर दिसत असताना. सेक्शन कमांडरांबरोबर दोन्ही एल.एम.जी.चे नंबर एक आणि दोन, लाँचरची जोडी आणि पट्टीवाला, हे सगळे बसवले. शेवटी "कोई शक?" विचारलं नाही. एकेकाकडे बोट करून विचारलं. तू कधी थांबणार? धमाका झालाच नाही तर काय करणार? मी पडलो तर कोण? दोघांची उत्तरं चुकली. ते पुन्हा सांगितलं, पुन्हा विचारलं.

रात्री दोनला निघायच्या आधी सगळ्यांना जागेवर उड्या मारायला लावल्या. कोणाची बाटली वाजली, कोणाच्या पाऊचमधलं मॅगझिन. तिथे चिंध्या कोंबल्या. ओढ्यात शिरलो. दुसऱ्या वळणावर एक फाटा फुटतो, दिवसा तो कळत नाही इतका लहान. मागचा सेक्शन त्यात शिरला. मोजलेली पावलं भरली तरी करंजाची झाडं येईनात म्हणून त्यांचा कमांडर थांबला आणि उलटा फिरला. दहा मिनिटं गेली. मी अर्ध्या तासाची ढील ठेवली होती, म्हणून निभावलं.

फॉर्मिंग अप प्लेसमध्ये पोचलो तेव्हा घड्याळात 0631. वाळू बर्फासारखी गार. कोणी खोकलं नाही. 0643 ला बांधावरून पहिला बर्स्ट आला, मग दुसऱ्या गनचा, मग पुन्हा पहिलीचा, एकीनंतर एक, घाई नाही. दोन मिनिटं ती लय ऐकत आम्ही काठाला टेकून उभे होतो. पावणेसातला काठ चढलो.

या खेपेला मी पुढे बघत होतो पण कान उजवीकडे होते. दीड मिनिट झालं आणि लय बदलली, दोन्ही गन एकत्र, रॅपिड. पोरगा मोजत होता. उजव्या टोकाची पांढरी पट्टी गवतात वरखाली होत बाभळीकडे सरकत होती. पट्टी बाभळीपाशी पोचली आणि धमाका झाला. फायर उजवीकडे सरकला तो कानाला कळला. आम्ही धावलो.

मोर्चात उतरल्यावर घोषणा झाली, आणि लगेच प्रत्येक सेक्शन आपापल्या नेमलेल्या जागेवर पळाला. एक उत्तरेच्या उतारावर, एक पूर्वेकडे. बांधावरचा सेक्शन धावत वर आला. प्लाटून हवालदाराने मोजणी सुरू केली: माणसं, जखमी, मॅगझिन. धापा टाकत तो पोरगा आला आणि मी विचारायच्या आत म्हणाला, "अडीच, साहेब. दोन भरलेली आणि एक अर्धं."

सुभेदार साहेबांनी स्टॉपवॉच दाखवलं. एकोणीस सेकंद.

"एक मॅगझिन आणि वर आठ राउंड," ते म्हणाले. पहिल्या वेळेसारखंच, तसाच आवाज. "ते कुणाला लागणार?"

मी तिन्ही सेक्शन कमांडरांना आणि त्या पोराला बोलावलं. मोर्च्याच्या काठावर बसलो. एक म्हणाला, पट्टी बाभळीच्या पुढे दहा मीटर जाऊ द्यावी. दुसरा म्हणाला, नको, त्यापेक्षा डाव्या सेक्शनने जमिनीवर राहून आपल्या एल.एम.जी.ने मधल्या मोर्च्यावर फायर ठेवावा आणि उजव्याने एकट्याने आत शिरावं. पोरगा गवताच्या काडीने मुरुमावर ढाल काढत होता. लंगरमधून चहाची बादली वर येईपर्यंत आम्ही त्या एकोणीस सेकंदांवरच बोलत होतो.